गप्पूचं मधलं वर्ष

माझ्या ताईची मुलगी बोलायला उशिरा लागली, आणि लागल्यावरही फारशी बोलली नाही. पाहुणे आले की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसायची. भाऊजींनी तिला लाडानं गप्पू म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. शाळेच्या हजेरीत तिचं दुसरं, चांगलं भारदस्त नाव होतं. पण त्या नावानं हाक मारली तर ती मागे कुणी उभं आहे का ते बघायची.

मी ताईच्याच घरी राहते. लग्न केलं नाही, चष्म्याचं दुकान केलं. भाऊजी लोकांना गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी असतात तसेच ब्रेक आणि क्लच त्यांच्याही पायाशी आहेत. सगळा जन्म त्या जादा ब्रेकवर पाय ठेवून काढल्यामुळे घरी कुणी तावातावानं बोलायला लागलं की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जातो. ताई दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर असते. भेदरलेल्या माणसांना गोड बोलत बोलत खुर्चीपर्यंत नेणं हे तिचं काम. म्हणजे घरात आम्ही तिघंही बोलून पोट भरणारे, आणि मधोमध ही.

पण ती बघायची. तिच्यासारखं बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. शाळा सुटली की माझ्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची. मला वाटायचं, पोरगी कंटाळली असेल. एक दिवस अचानक म्हणाली, "मावशी, आरसा चुकीच्या जागी आहे."

"का गं? चांगला स्वच्छ आहे की."

"आरसा स्वच्छ आहे. पण चष्मा लावून माणूस आरशाकडे जातो तेव्हा वाटेत दार लागतं. मग आत येणारा थांबतो, आरशाकडे जाणारा थांबतो, आणि फ्रेम शोधणाऱ्याला पुढे सरकताच येत नाही. म्हणून तुझ्याकडे गर्दी नसली तरी गर्दी वाटते."

आरसा पलीकडच्या भिंतीवर नेला. दुकान तेवढंच, गिऱ्हाईकं तेवढीच, पण आत एकाएकी ऐसपैस झालं. मी कितीतरी वर्षं तिथे उभी होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिले. ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसली होती, काही विशेष झालंच नाही अशी.

अशी मुलगी कॉम्प्युटरकडे वळली याचं कुणाला नवल वाटलं नाही. तो मध्येच वाक्य तोडत नाही आणि 'अगं बोल की' असंही म्हणत नाही. बारावीनंतर कॉम्प्युटर सायन्सची पदवी करायची हे ठरलेलंच होतं. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आमच्या शहरातल्या विद्यापीठात ही पदवी दोन तऱ्हांनी करता यायची. एक म्हणजे सरळ तीन वर्षं. दुसरी चार वर्षांची: दोन वर्षं शिकायचं, मग एक पूर्ण वर्ष कुठल्यातरी कचेरीत किंवा कारखान्यात खरंखुरं काम करायचं, आणि शेवटच्या वर्षाला परत वर्गात येऊन बसायचं. त्याला तिथे प्लेसमेंट इयर म्हणायचे. आमच्या घरात त्याचं नाव झालं 'मधलं वर्ष'.

जेवणाच्या टेबलावर मधल्या वर्षावरून रोज झटापट व्हायची.

"घेऊन टाक," भाऊजी म्हणायचे. "मैदानात झकास आठचा आकडा काढणारे लोक मी रोज बघतो. पहिल्यांदा भर रस्त्यात आले आणि मागून ट्रकनं हॉर्न दिला की स्टिअरिंग सोडून माझा हात धरतात. शिकणं वेगळं, चालवणं वेगळं."

"आणि वर्ष वाया गेलं म्हणजे?" ताई म्हणायची. "बाकीची पदव्या घेऊन मोकळी होतील आणि ही कुणाच्या तरी कचेरीत झेरॉक्स काढत बसेल. मधेच उठून गेलेलं माणूस परत अभ्यासाला बसत नाही. मी बसले का?"

ताईचं शिक्षण मध्येच सुटलं होतं. त्यामुळे या वाक्यानंतर सगळेच जरा वेळ ताटाकडे बघायचे.

मला विचारलं तर मी तळ्यात-मळ्यात. दोघांचंही पटायचं.

मग एका शनिवारी विद्यापीठ बघायला मी तिच्याबरोबर गेले. मोठमोठ्या खोल्या, रांगेनं मांडलेले कॉम्प्युटर, भिंतीवर विद्यार्थ्यांनी केलेल्या कामांची चित्रं. शेवटच्या वर्षाची एक चुणचुणीत मुलगी आम्हाला सगळं दाखवत होती. मधल्या वर्षाबद्दल विचारलं तर म्हणाली, "जागा मात्र आपली आपण शोधायची असते हं. विद्यापीठ मदत करतं, पण मुलाखती आपल्याच. मी तर मुलाखती देऊन देऊन पक्की झाले!" आणि हसली. गप्पूनं माझी बाही धरली होती. बाहेर पडेपर्यंत तिनं ती सोडली नाही.

त्या संध्याकाळी तिनं टेबलावर जाहीर केलं, "मी सरळ तीन वर्षांची करते. लवकर संपेल."

ताईचा जीव भांड्यात पडला. भाऊजींचा पाय दाबला गेला. बाही धरणाऱ्या माणसाला मी तरी काय सांगणार?

दोन वर्षं छान गेली. तिला तिथे एक मित्र मिळाला. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंब्या म्हणायचे. दोघं मिळून अभ्यास करायची, म्हणजे तो बोलायचा आणि ही त्याच्या चुका दाखवायची. दुसऱ्या वर्षी दोघांनी मिळून एक मोठा प्रोग्राम लिहिला. शहरातल्या बसगाड्या उशिरा येतात त्याचा अंदाज बांधणारा. सरांना तो फार आवडला. वर्गात सगळ्यांसमोर कौतुक केलं, सगळ्यात जास्त गुण दिले, आणि जाता जाता म्हणाले, "आता सर्व्हरवरून काढून टाका, पुढच्या बॅचला जागा लागेल."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ती घरी आली ती जिन्यातच बसली. मी दुकान बंद करून येत होते, तिच्याशेजारी टेकले.

"काय झालं गं?"

"मावशी, दोन वर्षांत मी जे जे लिहिलं ते सगळं पुसून टाकलं तरी जगात एकाही माणसाला पत्ता लागणार नाही."

"शिकताना सगळ्यांचंच तसं असतं. मी काचा घासायला शिकले तेव्हा टोपलीभर काचा फेकल्या."

"पण तुझी पहिली चांगली काच कुणीतरी डोळ्याला लावली ना?" ती म्हणाली. "मला बघायचंय. माझं लिहिलेलं कुणीतरी डोळ्याला लावलेलं."

तिसरं वर्ष सुरू होण्याआधी एका ठरावीक तारखेपर्यंत बेत बदलता यायचा. तिनं बदलला. घरात पुन्हा एकदा टेबल तापलं. ताई म्हणाली, "आता कुठे घाट संपत आला होता!" पण मुलगी ठाम होती, आणि ठाम असताना ती नेहमीपेक्षाही कमी बोलायची, त्यामुळे तिच्याशी भांडायला काही सापडायचंच नाही.

लंब्या मात्र सरळ तीन वर्षांवरच राहिला. त्याला पुढे संशोधन करायचं होतं. एखादा प्रोग्राम कधीच चुकणार नाही हे गणितानं सिद्ध कसं करायचं, असलं काहीतरी. "मला वर्गाबाहेर जायचंच नाहीये," तो आमच्याकडे जेवायला आला तेव्हा म्हणाला, "मग मी बाहेर जाऊन काय करू?" ताईनं त्याला मुद्दाम दुसऱ्यांदा वाढलं.

मग सुरू झाल्या मुलाखती. पहिली एका विमा कंपनीत. टेबलापलीकडे तिघंजण. "स्वतःबद्दल सांगा," म्हणाले. ही नुसती बघत राहिली. शेवटी त्यातल्या एका बाईंनी उठून पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवला. दुसऱ्या ठिकाणी ती बोलली, पण इतकं हळू की त्यांना वाटलं, प्रार्थना करतेय. भाऊजींनी मनावर घेतलं. शिकवणी संपली की तिला गाडीत बसवायचे, गाडी बंदच, आणि शेजारून विचारायचे, "हां, स्वतःबद्दल सांगा." ती दोन वाक्यं बोलली की यांचा पाय ब्रेकवर. "बाबा, गाडी उभीच आहे," ती म्हणायची. दोघं हसत हसत वर यायचे, आणि पुढची मुलाखत पुन्हा तशीच जायची.

सगळीकडून नकार आल्यावर शेवटी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये जागा असल्याचं तिला कळलं. तिथे जायला कुणी उत्सुक नव्हतं. पाण्याच्या नळात कसलं आलंय कॉम्प्युटर सायन्स, असं वर्गातल्या मुलांना वाटलं असणार.

त्या मुलाखतीबद्दल तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होतेच असं मला वाटतं. कंट्रोल रूमच्या प्रमुख एक बाई होत्या. केस बारीक कापलेले, हाताशी चहाचा थर्मास. त्यांना तिथे सगळे नुसतं बाई म्हणायचे. बाईंनी हिला 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलंच नाही. एका स्क्रीनसमोर बसवलं. त्यावर एकच वाकडीतिकडी रेघ होती, डावीकडून उजवीकडे गेलेली. खाली तास, वार, काही लिहिलेलं नाही.

"हे काय आहे ते मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "तू बघ. काही दिसलं तर सांग." आणि आपल्या कामाला लागल्या.

गप्पू बघत बसली. आयुष्यात पहिल्यांदा नोकरीसाठी कुणीतरी तिला जे येत होतं तेच करायला सांगितलं होतं. बाईंनी दोनदा चहा घेतला, फोन झाले, कुणी कुणी येऊन सह्या घेऊन गेलं. मग ही म्हणाली, "ही माणसं आहेत."

बाई वळल्या. "कुठे?"

"या रेघेत. इथे सपाट आहे ना, इथे सगळी झोपलीत. इथे एकेकजण उठतोय. इथे सगळं शहर एकदम उठलं. दुपारी थोडं निवांत. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, स्वयंपाक. हे सहा दिवस सारखेच आहेत, आणि या दिवशी उशिरा उठलेत. म्हणजे सुट्टी." मग तिनं एका जागी बोट ठेवलं. तिथे रेघ एकाएकी सुळक्यासारखी वर जाऊन खाली आली होती. "हे मात्र कळत नाही. इतकी माणसं एकाच क्षणी का उठतील?"

बाई हसायला लागल्या. "मोठा सामना होता त्या संध्याकाळी. मध्यंतर झालं आणि सगळं शहर टीव्हीसमोरून उठून एकदम बाथरूमला गेलं."

गप्पू म्हणते, तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. इतकी घरं, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं, आणि सगळ्यांचं मिळून एकच अंग असल्यासारखी ती रेघ श्वास घेत होती.

"सोमवारपासून ये," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी ती जेवताना बोलली. सलग बोलली. ताई वाढायचं विसरून पळी हातात धरून उभी.

"बाबा, आपण आंघोळ करतो ना, तीही त्या रेघेत असते."

"अरे बापरे," भाऊजी म्हणाले. "नावानिशी?"

"नाही हो. थेंबानं."

कंट्रोल रूम म्हणजे एक थंडगार, बिनखिडकीची खोली. एका भिंतीभर स्क्रीन, त्यावर निळ्या रेषांनी काढलेलं सबंध शहर. पण त्यात रस्ते नाहीत, घरं नाहीत, नुसते पाइप, पंप, टाक्या आणि व्हॉल्व्ह. समोर अर्धगोल टेबलाशी ऑपरेटर बसायचे. त्यांच्यात जे सगळ्यात मुरलेले होते त्यांना हे सगळे काका म्हणायचे. गोष्टीवेल्हाळ माणूस. कुठल्या भागातले लोक कधी कपडे धुतात हे ते डोळे मिटून सांगायचे आणि निम्म्या वेळा चुकायचे.

पहिले काही महिने बाईंनी हिला नुसतं बघायला लावलं. मग एक काम दिलं. अडचण अशी होती: एखादा पंप बंद पडला की तो एकटा ओरडत नसे. त्याचं प्रेशर ओरडे, पुढचा पाइप ओरडे, व्हॉल्व्ह ओरडे, टाकी ओरडे. स्क्रीनवर लाल ओळींचा पाऊस. ऑपरेटर बिचारे किती वाचणार? ते 'पाहिलं' असं लिहिलेलं बटण दाबत सुटायचे. गप्पूनं असा प्रोग्राम लिहायचा होता, जो या सगळ्या अलार्मचं मूळ शोधेल आणि बाकीचे त्याच्या पोटात घडी घालून ठेवेल.

"एका घरातली सगळीच रडायला लागली," तिनं मला समजावलं, "तर आधी कोण रडलं ते शोधायचं. बाकीचे त्याचं बघून रडतात."

प्रोग्राम तयार झाला. आधी शहराच्या एकाच बाजूला तो चालवून बघायचं ठरलं. काही आठवडे सगळं सुरळीत. स्क्रीन शांत झाला, काकांना गोष्टी सांगायला जास्त वेळ मिळायला लागला. आणि मग ती सकाळ आली.

टेकडीवर एक टाकी आहे. आजूबाजूच्या वस्तीला आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला पाणी तिथून जातं. त्या सकाळी खालचा एक पंप दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. स्क्रीनवर त्याची एक ओळ होती, तिच्याखाली बाकीचे अलार्म घडी घालून ठेवलेले. सगळं ठीक दिसत होतं. गप्पू आपल्या कोपऱ्यात बसून रेघा बघत होती, तिला लागलेली सवय म्हणून. आणि टेकडीच्या टाकीची रेघ तिला बरी वाटेना. एरवी सकाळी ती हळूहळू उतरते. आज ती घसरत होती.

तिनं आपल्याच प्रोग्रामच्या घड्या उलगडून बघितल्या. आत टाकीचा अलार्म होता. बराच वेळ ओरडत होता. प्रोग्रामला वाटलं होतं, ही त्या बंद पंपाचीच रडारड. पण टाकी दुसऱ्याच कारणानं रिकामी होत होती. टेकडीच्या पलीकडे कुठेतरी मोठा पाइप फुटला होता.

ती उभी राहिली, आणि त्या खोलीत कुणी कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली, "काका! टेकडीची टाकी! स्क्रीनवर दिसणार नाही, माझ्या प्रोग्रामनं झाकलीय. टाकी रिकामी होतेय!"

एकानंही तिला काही विचारलं नाही. काकांची गोष्ट अर्ध्यावर राहिली. त्यांनी फुटलेल्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद केला, शेजारच्या भागातून टाकीकडे पाणी वळवलं, राखीव पंप सुरू केला. बाई त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. मग करण्यासारखं काही उरलं नाही. सगळी खोली एका रेघेकडे बघत राहिली. ती घसरत राहिली, घसरत राहिली. मग कललेली सरळ झाली. आणि मग, अगदी नखभर, वर चढली.

कुणाच्याही नळाचं पाणी गेलं नाही. शहराला काही कळलंच नाही. त्या वेळी मी दुकानात नळाखाली एका गिऱ्हाइकाच्या काचा धूत होते. ताईच्या दवाखान्यात कुणीतरी चूळ भरत असेल. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनच्या आधी डॉक्टर कोपरापर्यंत हात धूत असतील. पाणी येत होतं, म्हणून आम्हा कुणाच्या मनात पाण्याचा विचारसुद्धा आला नाही. तिनं दुपारी दुकानात येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी उठले आणि नळ सोडून बघितला. धार पडली. मी त्या धारेकडे अशी बघत राहिले की एक गिऱ्हाईक विचारायला लागलं, पाण्यात काही आहे का. काय सांगणार? त्या धारेमागे किती माणसं खुर्च्या मागे सारून उभी राहिलेली असतात, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. आणि त्यांतली एक माझ्यासमोर स्टुलावर बसून रडत होती.

"मला तिथे परत जायचं नाही," ती म्हणाली. संध्याकाळी घरी तेच म्हणाली. "वर्गात चूक केली की गुण जातात. इथे हॉस्पिटल होतं."

"तुझ्या बाई काय म्हणाल्या?" भाऊजींनी विचारलं.

"प्रोग्राम काढू नकोस, दुरुस्त कर म्हणाल्या. मी म्हटलं, मला भीती वाटते. तर म्हणाल्या, वाटायलाच पाहिजे. ज्याला वाटत नाही त्याला मी या खोलीत बसू देत नाही."

भाऊजी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, पण त्यांच्याआधी ताईच बोलली. मधल्या वर्षाला पहिल्यापासून नाही म्हणणारी ताई. ओट्याकडे तोंड, पाठ आमच्याकडे.

"उद्या डबा रोजच्याच वेळेला भरू ना?"

गप्पूनं डोळे पुसले. "रोजच्याच," ती म्हणाली.

पुढचे महिने तिनं खरं काम केलं, असं ती सांगते. आधीचं सगळं हुशारीचं होतं. आता ती काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसायला लागली. कधी काय बिघडलं, तेव्हा काय दिसलं, कशानं फसगत झाली, हे एकेका ऑपरेटरला विचारायला लागली. विचारायचं म्हणजे बोलायला हवं; बोलली. काकांच्या निम्म्या गोष्टी बाता होत्या, पण कुठली निम्मी ते तिला ओळखता यायला लागलं. प्रोग्राममध्ये तिनं नियम घातला की टाकीचा अलार्म कशाच्याही पोटात जाणार नाही, काहीही झालं तरी तो वेगळा दिसेल. वर्ष संपायच्या सुमाराला सगळं शहर तिच्या प्रोग्रामवर चालत होतं.

मग ती परत वर्गात गेली, आणि ते सोपं गेलं नाही हेही सांगायला पाहिजे. ताईची धास्ती अगदीच खोटी नव्हती. लंब्या आणि बाकीचे पदवी घेऊन निघून गेले होते. वर्गात सगळे नवे चेहरे. गणित विसरायला झालं होतं. वर्षभर कमावत्या माणसासारखं राहिल्यावर परत सरांच्या परवानगीनं बाहेर जाणं तिला जड गेलं. त्यात तिला एक खोड लागली होती. सर काहीही शिकवायला लागले की हिचा हात वर. "हे बंद पडलं तर काय होईल?" सर एकदा वैतागून म्हणाले, "आधी चालू तर होऊ दे!" पण शेवटच्या प्रोजेक्टच्या वेळी त्यांनीच बाकीच्या मुलांना तिच्याकडे पाठवलं.

लंब्याचंही उत्तम झालं. तो दूर एका विद्यापीठात संशोधन करतो. मधलं वर्ष घेतलं नाही याची त्याला कधी खंत वाटली नाही, आणि तिनंही त्याला कधी तसं सुचवलं नाही. अधूनमधून तो फोन करतो आणि दोघं तासन्‌तास भांडतात. चूक होणारच नाही असं आधीच सिद्ध करावं, असं तो म्हणतो. होईल तेव्हा दिसली पाहिजे, असं ही म्हणते.

पदवी झाली तेव्हा पाणीपुरवठ्यात जागाच नव्हती. मग लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तिनं काही वर्षं काढली. काकांच्या जागी नवी माणसं आली, बाईंना बढती मिळाली, आणि एक दिवस बाईंचा फोन आला, "जागा निघालीय. येतेस?" आता ती तिथेच असते.

गेल्या वर्षी टेकडीखालची, जमिनीच्या पोटातली दुसरी मोठी टाकी धुण्यासाठी रिकामी केली होती. असा योग फार क्वचित येतो. तिथे काम करणाऱ्यांना आपापल्या घरच्यांना आत नेऊन दाखवायची परवानगी मिळाली, आणि ती आम्हा तिघांना घेऊन गेली. वर नुसतं गवत. त्यात एक लोखंडी झाकण. धुतलेले रबरी बूट आणि टोप्या घालून आम्ही शिडीनं खाली उतरलो. भाऊजी पुढे, मग ताई, मग मी.

खाली गेल्यावर तिनं मोठा दिवा लावला.

मी तोंड उघडलं ते तसंच राहिलं. समोर खांबच खांब. दगडासारखे गुळगुळीत, ओळीनं उभे, एकामागे एक, दिव्याचा उजेड संपेपर्यंत आणि त्याच्याही पुढे. वरती विटांच्या कमानी. जमिनीवर पाण्याचा पातळ थर, त्यात सगळ्या खांबांचं उलटं प्रतिबिंब, त्यामुळे आपण मध्येच कुठेतरी तरंगतोय असं वाटावं. वर आम्ही इतकी वर्षं येत-जात होतो, त्या गवतावर बसून शेंगा खाल्ल्या होत्या, आणि पायाखाली हे होतं.

भाऊजींनी हळूच "ओ" केलं. तो "ओ" खांबांमधून फिरत फिरत लांब गेला, आणि आम्ही तो संपायची वाट बघतोय तोच पलीकडून परत आला. भाऊजींनी टोपी काढून हातात घेतली.

ताई एका खांबापाशी गेली. त्यावर तिच्या डोक्याच्या खूप वर पाण्याची पुसट रेघ उमटली होती. तिनं मान वर केली.

"इथपर्यंत असतं?"

"कधी कधी त्याच्याही वर," गप्पू म्हणाली.

"आणि हे सगळं आपण पितो?"

"एका दिवसात संपतं, आई. रोज भरायचं."

ताईनं खांबावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. नंतर घरी आल्यावर ती म्हणाली, दवाखान्यात चूळ भरायला सांगताना आता तिला कसंतरीच होतं.

आम्ही वर आलो. माणसं मोजून घेतली, शिडी काढली, झाकण लावलं. गप्पूनं वायरलेसवर कुणाला तरी सांगितलं, "सगळे बाहेर. सोडा." आम्ही चौघं गवतावर उभे राहिलो. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग पायांना कळलं, कानांना नंतर; खोल खालून एक घरघर सुरू झाली आणि वाढत गेली, एखादं मोठं जनावर कूस बदलत असावं तशी. भाऊजी वाकून जमिनीला कान लावायला गेले, गुडघा धरून पुन्हा उभे राहिले, आणि आमच्याकडे बघून लहान मुलासारखे हसले.